पर्लची जागा

नॅशव्हिलमध्ये पियानो वाजवणारी माणसं शोधावी लागत नाहीत. कॉफी हातात देणारी मुलगी वाजवते, उबरचा ड्रायव्हर वाजवतो, दात काढणारा डेंटिस्टसुद्धा शनिवारी कुठल्या ना कुठल्या बारमध्ये वाजवत असतो. अशा गावात आपल्या उत्तरेकडच्या नोव्हाय गावच्या प्रताप आणि पद्मजा गुर्जरांची वैदेही इतकी वर्षं पाय रोवून उभी होती, हे खरं तर केवढं कौतुकाचं. पण घरी ते कौतुक पचायला वेळ लागला. प्रतापरावांची सगळी नोकरी मोटारींच्या कंपनीत झाली. मुलगी इंजिनियर होणार हे त्यांनी तिच्या बारशालाच ठरवून टाकलं होतं. आणि मुलीने धरला पियानो, तोही कंट्री म्युझिकसाठी; म्हणजे हॅट, पिकअप ट्रक आणि बायको सोडून गेली म्हणून गळा काढणारे पुरुष. "निदान जॅझ तरी वाजवायचं," असं ते कितीतरी दिवस म्हणत. जॅझही त्यांनी कधी ऐकलं नव्हतं, पण ते शिकलेल्या लोकांचं असतं अशी त्यांची समजूत होती.

त्या वैदेहीला मार्चमध्ये फोन आला की ओपल रिग्ज नवीन अल्बम करतेय आणि पियानोवर तू हवी आहेस. वैदेही गाडी चालवत होती. तिने ती एका चर्चच्या पार्किंग लॉटमध्ये घेतली, बंद केली आणि बराच वेळ नुसती बसून राहिली.

ओपल रिग्ज कोण, हे सांगायलाच हवं. ओपल आणि पर्ल या अलाबामातल्या दोन बहिणी. घरची कापसाची शेती, सात भावंडं, आणि करमणूक म्हणून गाणं. पुढे रिग्ज सिस्टर्स म्हणून दोघींचं नाव झालं आणि पन्नास वर्षं त्या एकाच माइकसमोर उभ्या राहून गायल्या. पर्ल धाकटी. तिचा आवाज उंच आणि निर्मळ. गाण्याची चाल ती गायची. ओपल थोरली. ती त्याच वेळी खालचा दुसरा सूर धरून पर्लच्या चालीला साथ करायची. असं एकदम दोन वेगळ्या सुरांत गाण्याची आपल्याकडे फारशी रीत नाही. पण त्या दोघींचं एकदा ऐकलं की वाटायचं, गाणं असंच असतं, एकट्याने गातात ती बिचारी माणसं.

दोन वर्षांपूर्वी पर्ल गेली. ओपलबाईंनी कार्यक्रम बंद केले, फोन घेणं बंद केलं, चर्चमध्येसुद्धा तोंड उघडेनात. लोक धरूनच चालले की संपलं आता. आणि मग ऐंशीला टेकलेल्या या बाईने एक दिवस स्वतः प्रोड्यूसरला फोन लावला. म्हणाली, मला एक रेकॉर्ड करायची आहे. एकटीची. जमतंय का बघू.

स्टुडिओ म्हणजे एक जुनं बैठं घर होतं. पुढची मोठी खोली गाण्याची, आणि काचेपलीकडची छोटी खोली प्रोड्यूसर ट्रेंटची. ट्रेंट माणूस चांगला, फक्त कॉम्प्युटरवर फार जीव. कुणाचा सूर हलला तर तो माउसने उचलून जागेवर ठेवायचा, आणि हे आपण परोपकार म्हणून करतोय असं त्याला मनापासून वाटायचं. पण ओपलबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "सगळे एका खोलीत बसणार. कानात काही घालायचं नाही. मी गाईन, तुम्ही वाजवा. चुकलं तर सगळ्यांचं चुकेल." ट्रेंटचा चेहरा पडला, पण बोलणार कोण?

एवढीशी बाई. पायात पांढरे स्नीकर्स, अंगात दिराने टाकून दिल्यासारखा ढगळ स्वेटर. आल्या आल्या प्रत्येकाशी हात मिळवला. वैदेहीचं नाव तीनदा विचारून घेतलं, ओठांत घोळवलं, आणि मग अख्ख्या अल्बमभर एकदाही चुकीचं उच्चारलं नाही. वैदेहीच्या शाळेतल्या बाईंना बारावीपर्यंत ते जमलं नव्हतं. तिथली रीत अशी की वडीलधाऱ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायची नाही, पुढे मिस लावायचं. म्हणजे आपलं मावशीच. वैदेही त्यांना मिस ओपल म्हणायची आणि म्हणताना आपोआप जरा वाकायची.

नॅशव्हिलची अजून एक रीत आहे. वाजवणाऱ्यांसमोर जो कागद असतो त्यावर सुरांची नावं नसतात, नुसते आकडे असतात. सा म्हणजे एक, मध्यम म्हणजे चार, पंचम म्हणजे पाच. सा कुठला धरायचा ते वर कोपऱ्यात एका अक्षरात लिहितात. ते अक्षर बदललं की अख्खं गाणं उचलून खाली किंवा वर ठेवता येतं, आकड्यांना हात लावावा लागत नाही. बाहेरून आलेले लोक हे बघून आठवडाभर डोकं खाजवतात. वैदेहीला पहिल्या दिवशी पाच मिनिटांत कळलं होतं. लहानपणापासून हार्मोनियम वाजवणाऱ्याला आणखी वेगळं काय येत असतं?

तर पहिलं गाणं सुरू झालं. चार ओळी नुसता पियानो, मग ओपलबाई. त्यांनी तोंड उघडलं आणि वैदेहीचा हात थांबला. खरोखर थांबला. एवढी वर्षं पोटापाण्यासाठी वाजवणारी बाई, एखाद्या शिकाऊ मुलीसारखी आपली जागा चुकली. आवाज थकलेला होता, कडा झिजल्या होत्या, मध्येच श्वास ऐकू यायचा. पण शब्द असे यायचे, जणू ते आत्ताच, तिथल्या तिथे बाईंना सुचले आहेत. गाणं होतं नवऱ्याने विकलेल्या गाईबद्दल. गाईबद्दल, अहो. आणि ड्रम वाजवणारा दांडगा दाढीवाला माणूस मान फिरवून डोळे पुसत होता. वैदेहीने चांगले गाणारे शेकड्यांनी ऐकले होते, त्यातल्या कित्येकांना साथ केली होती. पण कुणी गाताना आपण त्या खोलीत असायला लायक आहोत का, असा प्रश्न तिला आजवर कधी पडला नव्हता. तो त्या दिवशी पडला.

अशी नऊ गाणी झाली. बहुतेक पहिल्याच टेकमध्ये. रोज घरी जाताना वैदेही रेडिओ लावायची नाही. कानात जे होतं ते सांडेल अशी भीती वाटायची.

मग आलं दहावं गाणं, आणि तिथे गाडी अडली.

हे गाणं रिग्ज सिस्टर्सचं सगळ्यात जुनं. दोघींनी लहानपणी रचलेलं. त्यात आहे काय, तर संध्याकाळ झाली आहे, दोन मुली शेतात खेळताहेत आणि आई दारात उभी राहून त्यांना जेवायला हाक मारते आहे. एवढंच. शेवटी ती हाक येते: एकच लांब, उंच सूर. ती हाक पर्ल एकटी मारायची. तेवढी ओळ ओपल गप्प असायची. ज्यांनी ते प्रत्यक्ष ऐकलं ते सांगतात की लोक खुर्चीवरून अर्धवट उठायचे, आपल्यालाच बोलावलं म्हणून.

आता पर्ल नाही, तेव्हा चाल ओपलबाईंनीच गायची हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. त्यांनी स्वतःही. आणि गाणं जिथे असायचं तिथेच, ई या पट्टीत, गायचं हा त्यांचा हट्ट. पहिला दिवस गेला. चाल ठीक यायची, आणि हाकेपाशी आवाज फाटायचा. दुसरा दिवस गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी तर फाटायलाही आवाज उरला नाही. तोंड उघडं, मान वर, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, आणि बाहेर नुसती हवा. बाई म्हणाल्या, परत. परत तेच झालं. वैदेहीला पियानोवरून मान वर करवेना. देवळातली समई कुणीतरी फुंकर मारून विझवतंय आणि आपण समोर बसून बघतोय, असं तिला वाटत होतं.

ट्रेंटने आपल्या परीने सगळं सुचवून पाहिलं. कॉम्प्युटरने सूर वर उचलू. नको. एखाद्या तरुण गायिकेकडून हाक गाऊन घेऊ. नको. पर्लच्या जुन्या रेकॉर्डमधून तिचाच आवाज कापून इथे बसवू. यावर ओपलबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागे सरला. शेवटी तो म्हणाला, "मिस ओपल, स्टुडिओ आज संध्याकाळपर्यंतच आपला आहे. हे गाणं सोडून देऊ. नऊ काही कमी नाहीत."

"हे नसेल तर बाकीची नऊही बाहेर काढू नकोस," ओपलबाई म्हणाल्या. "मी इथे याच्यासाठी आले होते. ती नऊ मी या गाण्यापर्यंत येताना वाटेत गायले."

त्या चिडल्या नव्हत्या, हेच वाईट होतं. कोट घालून त्या गाडीत जाऊन बसल्या. जेवायची सुट्टी झाली. म्हणजे आता एक दुपार उरली होती, आणि वैदेहीने ऐकलेलं जन्मातलं सगळ्यात सुंदर गाणं कपाटात जाऊन पडणार होतं.

तिने आईला फोन केला. पद्मजाताईंचं नोव्हायचं भजनी मंडळ त्या भागात प्रसिद्ध आहे. दर दुसऱ्या शनिवारी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये बायका जमतात, आणि वैदेही नववीत असल्यापासून कॉलेजला जाईपर्यंत त्यांच्या साथीला हार्मोनियमवर असायची. सगळं ऐकून घेतल्यावर आई म्हणाली, "अगं मग पट्टी उतरव की. त्यात विचारतेस काय?"

"त्या ऐकत नाहीत ना, आई. ईच हवा म्हणतात."

"विचारतंय कोण त्यांना? नंदा मावशीला कधी विचारलं होतंस?"

खरंच, नंदा मावशीला कधीच विचारलं नव्हतं. नंदा मावशी आयुष्यभर काळी पाचच्या पट्टीत गायली आणि अजूनही तसंच सांगते. पण तिचा आवाज साठीनंतर वर जाईना, तेव्हा पद्मजाताईंनी वैदेहीला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं होतं, आजपासून पांढरी सहा धर. दोनेक वर्षांनी काळी चार. मग पांढरी पाच. बायका सतरंजीवर बसून पदर सारखे करेपर्यंत वैदेही सूर धरून ठेवायची, आणि तबल्यावरचे काका हातोडीने मुकाट तबला उतरवून घ्यायचे. मीनाक्षी काकूंचं तेच, बाकीच्यांचंही तेच. कुणी कुणाला काही बोलायचं नाही. "माणसाला खाली बसवायचं नसतं," आई म्हणायची, "पट्टीला बसवायचं." वैदेही संगीतातलं जे काही पहिलं शिकली ते हे, आणि यात काही वावगं असू शकतं असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आलं असतं तरी कसं? तिच्या जगातली सगळी प्रेमळ माणसं हेच करत होती.

तिने आत येऊन वाजवणाऱ्यांना सांगितलं, दुपारी ईऐवजी डीमध्ये वाजवा. गिटारवाल्याने खांदे उडवले. वयस्कर लेस्टर, जो आडवी मांडून लोखंडी कांडीने सूर ओढायची स्टील गिटार वाजवायचा आणि रिग्ज बहिणींना तीस वर्षं ओळखायचा, तो तिच्याकडे वळला. "तिला सांगितलंस?" त्याने विचारलं. वैदेही म्हणाली, गरज नाही. लेस्टर आपली कांडी पुसू लागला.

ओपलबाई आल्या. वैदेहीने सुरुवात वाजवली, एका अख्ख्या सुराने खाली. ओपलबाई गाऊ लागल्या आणि वैदेहीचं काळीज हलकं झालं, कारण चाल मोकळी येत होती, गळा ताणत नव्हता. या हिशेबाने हाकसुद्धा येईल. ट्रेंट काचेपलीकडून अंगठा दाखवत होता. आणि दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर ओपलबाई थांबल्या. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, चुकीच्या घरात शिरल्यासारखं.

"पर्ल कुठे आहे?" त्या म्हणाल्या.

ट्रेंटला वाटलं बाईंचं डोकं फिरलं. तो धावत बाहेर आला. ओपलबाईंनी त्याला हाताने थांबवलं आणि वाजवणाऱ्यांकडे एकेक करून बघितलं.

"कुणीतरी गाणं हलवलंय. ती इथे सापडत नाही मला. कुणी केलं हे?"

वैदेही उभी राहिली. "मी केलं, मिस ओपल. बाकीच्यांनी माझ्या सांगण्यावरून वाजवलं."

ओपलबाईंनी मान हलवली. त्या माइकपासून दूर झाल्या आणि मागच्या दाराने बाहेर गेल्या. दार त्यांनी आपटलं नाही. ट्रेंट हळू आवाजात वैदेहीला जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्याचं काही चुकलंही नव्हतं. अल्बम गेला, तो म्हणाला. तू घालवलास. वैदेहीने ऐकून घेतलं आणि ती बाईंच्या मागे बाहेर गेली.

ओपलबाई मागच्या पायरीवर बसल्या होत्या. समोर कचऱ्याचे डबे आणि एक फुललेलं डॉगवुडचं झाड. वैदेही माफी मागणार तेवढ्यात त्यांनीच पायरीवर शेजारची जागा थोपटली. "बस. आता सांग का केलंस ते. खरं सांग."

मग वैदेहीने खरं सांगितलं. नोव्हायचं बेसमेंट, सतरंज्या, नंदा मावशीची काळी पाच, तबल्याची हातोडी, सगळं. सांगता सांगता तिचं तिलाच कळेना, हे या बाईला काय समजणार. पण ओपलबाई मन लावून ऐकत होत्या.

"आणि त्या बायकांना माहीत नसतं?"

"नाही. म्हणून तर करायचं ना. त्यांना वाईट वाटू नये म्हणून."

ओपलबाई हसल्या. त्या दिवसातलं पहिलंच हसू. "पोरी, सगळ्यांना माहीत असतं. जिला गाता येतं तिला आपण कुठे उभ्या आहोत हे कळत नाही असं वाटलं तुला? त्या गप्प बसतात, कारण तू त्यांच्यासाठी एवढं करतेस हे त्यांना आवडतं."

वैदेहीला नंदा मावशी आठवली. दर शनिवारी निघताना मावशी तिला एकटीला कोपऱ्यात घेऊन हातात दोन जास्तीचे लाडू कोंबायची आणि गाल ओढायची. बाकीच्या मुलांना कधी नाही. इतकी वर्षं वैदेही समजत होती की आपण मावशीला सांभाळून घेतो. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"माझं तसं नाही," ओपलबाई म्हणाल्या. "मला गाता येत नाही म्हणून रडत नाहीये मी. गाणं खाली घेतलं तर मला येईल, मलाही ठाऊक आहे. पण पर्ल त्या उंचीवर असते. पन्नास वर्षं माझ्या डोक्याच्या जरा वर, उजवीकडे. तू गाणं खाली आणलंस आणि ती तिथेच वर राहिली."

मग वैदेहीने विचारलं, का विचारलं ते तिलाही सांगता येणार नाही, "मिस ओपल, या गाण्यात तुम्ही काय गायचात?"

"मी? मी खालचं."

"ते कधी एकटं ऐकलंच नाही मी. म्हणून दाखवता?"

ओपलबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "त्यात ऐकण्यासारखं काही नाही. चालच नाही त्याला." पण त्यांनी गुडघ्यावर हाताने ताल धरला आणि त्या गायला लागल्या, हळू, ईमध्ये, पियानो नसताना नेमक्या ईमध्ये. खालचा सूर. तीनचार स्वरांतल्या येरझाऱ्या. तीन दिवस फाटणारा आवाज तो हाच का, असा प्रश्न पडावा इतका तो शांत होता, आपल्या घरी पाय पसरून बसलेला. वैदेहीला वरची चाल लहानपणापासून पाठ. ती नकळत ओठांवर आली, आणि ओपलबाईंनी न थांबता तर्जनी उचलून तिला गप्प केलं. वैदेही गप्प झाली. आणि मग त्या खालच्या सुराच्या वर रिकामी राहिलेली जागा तिला ऐकू आली.

ओपलबाई मध्येच थांबल्या. त्यांनाही ती ऐकू आली असावी, कारण गुडघ्यावर ताल धरणारा हात तसाच वर राहिला.

"अगं बाई," त्या शेवटी म्हणाल्या, म्हणजे त्यांच्या भाषेत जे म्हणतात ते. "तीन दिवस मी तिच्या जागेवर उभी आहे. मग ती उभी कुठे राहणार?"

त्या उठल्या, स्वेटर झटकला आणि आत गेल्या.

"ईमध्ये," त्यांनी सांगितलं. "पहिल्यासारखं वाजवा. मी खालचं गाणार आहे."

"आणि वरचं?" ट्रेंटने विचारलं.

"वरचं माझं कधीच नव्हतं."

चाल नसलेलं गाणं कोण ऐकणार, हे ट्रेंटच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. पण दुपार सरत आली होती आणि गमवायचं आता काही उरलं नव्हतं. ओपलबाई माइकसमोर उभ्या राहिल्या, पण मधोमध नाही, डावीकडे सरकून. ट्रेंटने येऊन माइक त्यांच्या तोंडासमोर आणला. त्यांनी तो पुन्हा होता तिथे नेऊन ठेवला. उजवीकडे एका माणसाची जागा मोकळी राहिली.

वैदेहीने सुरुवात वाजवली. ओपलबाई गाऊ लागल्या.

पहिल्या ओळीला बास वाजवणाऱ्याने दचकून वर पाहिलं. ते गाणं नव्हतंच, नुसता गाण्याचा पाया होता. दुसऱ्या ओळीलाही तसंच. आणि तिसऱ्या ओळीपासून जे व्हायला लागलं ते वैदेहीला आजही कुणाला नीट सांगता येत नाही. चाल कुणीच गात नव्हतं आणि ती स्वच्छ ऐकू येत होती. ओपलबाईंचा सूर कुठे वळतो, कुठे कुणासाठी तरी थांबतो, कुठे जरा बाजूला होऊन वाट देतो, त्यावरून वरचा आवाज कुठे आहे ते कळत होतं. साथ अशी होती की जिला साथ करायची ती समोर असल्याशिवाय होणारच नाही. वैदेहीच्या अंगावर सर्रकन काटा आला. आपण वाजवतोय हे ती विसरली, पण हात वाजवत होते. एवढं गाणं एका माणसात मावतं कसं, आणि एवढी वर्षं ते दुसरीच्या खाली मुकाट्याने उभं राहिलं कसं, एवढंच तिच्या मनात येत होतं. तिला भीती वाटत होती. गाभाऱ्यात एकटं शिरल्यावर वाटते तशी, चांगली भीती.

मग हाकेची ओळ आली.

ओपलबाई गप्प झाल्या, जशा पन्नास वर्षं होत आल्या होत्या. गाणारा थांबला की ती पोकळी भरायची हे स्टील गिटारवाल्याचं काम. त्याच्यासाठीच त्याला बोलावतात. लेस्टरचा हात सवयीने तारांवर गेला. आणि मग त्याने तो उचलला, कांडी मांडीवर ठेवली आणि मान खाली घातली. ड्रमवाला थांबला. वैदेहीने एक सूर धरला होता, तो विरू दिला. खोलीत आवाज उरला नाही. ओपलबाईंचे डोळे उघडे होते. त्या उजवीकडे, जरा वर बघत होत्या.

वाजवणारी माणसं मनातल्या मनात ताल मोजणं कधी सोडत नाहीत. हाकेची ओळ भरली. आता ओपलबाईंनी यायचं. त्या आल्या नाहीत.

विसरल्या का? सूर द्यावा का त्यांना? वैदेहीचं एक बोट पियानोवर गेलं होतं, दाबायचंच बाकी होतं. पण बाईंच्या चेहऱ्यावर विसरल्याचं काही नव्हतं. उलट थोडा वैताग होता, घरातल्या माणसावरचा. कुणी हललं नाही. सगळे थांबले. आणि मग ओपलबाईंनी श्वास घेतला, त्या आपल्या खालच्या सुरात उतरल्या, आणि सगळे एकदम त्यांच्याबरोबर उतरले. गाणं शेवटाला गेलं.

शेवटचा सूर विरल्यावरही कुणाला जागचं उठवेना. लेस्टर तसाच मान खाली घालून बसला होता. मग काचेपलीकडून ट्रेंटचा आवाज आला.

"मिस ओपल, झालं. हेच. दुसरा टेक नको." मग त्याच्यातला कारागीर जागा झाला. "फक्त एक. हाकेनंतर तुम्ही जरा उशिरा आलात. काळजी करू नका, तेवढी मोकळी जागा मी कापून टाकतो. कुणाला कळणारही नाही."

"मी उशिरा नाही आले," ओपलबाई म्हणाल्या. त्या खुर्चीवर बसून स्नीकरची सुटलेली नाडी बांधत होत्या. "पर्ल सूर सोडत नव्हती. जन्मभर सांगत आले तिला, बाई, सोड आता, लोकांना घरी जायचंय. कधी ऐकलंय तिने?"

काचेपलीकडे ट्रेंटने माउसवरचा हात काढून घेतला.